फुंकरीनं न पडणारा बर्फ

बाटली धुवायचा ब्रश उलटा उभा केला आणि हिरवा असला की त्याचं नाताळचं झाड होतं, हे धाकटीच्या सासऱ्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. तो ब्रशवाला. तारेच्या पिळात नायलॉनचे केस धरायचे, तार गरागरा फिरवायची, की झाला ब्रश. बाटल्यांचे, नळ्यांचे, आणि चारचौघांत ज्या जागेचं नाव काढत नाहीत तिथलेही. एकदा कुठल्याशा कारखान्याकडून हिरव्या ब्रशांची मोठी मागणी आली, माल तयार झाला, आणि कारखानाच बंद पडला. ब्रशवाला डोक्याला हात लावून बसला. त्या ढिगातला एक ब्रश त्याच्या बायकोनं उचलला, दांडा खाली करून टेबलावर उभा केला आणि म्हणाली, "अहो, झाड."

पुढचं सगळं दुकान त्या दोन शब्दांवर उभं राहिलं.

थोरली सून चिडली की अजूनही म्हणे, "मिजास कसली करता? संडासाच्या ब्रशावर उभं राहिलेलं घराणं आपलं!" पण हे दुकानात कुणी नसताना. गिऱ्हाईक आलं की तीच थोरली काउंटरवरून मान तिरकी करून सांगायची, "कला आहे हो आमच्या घरात, पहिल्यापासून."

बर्फही सासूबाईंनाच सुचला. ब्रशाचे केस कातरताना यंत्राखाली पांढरा भुसा पडायचा, पिठाहून बारीक. रोज झाडून टाकायचा आणि रोज कपड्यांवरून घरात यायचा. त्यांनी तो चाळून घेतला, झाडाच्या फांद्यांना सरस लावला आणि वरून भुसा भुरभुरवला. रात्रभर बर्फ पडून गेल्यासारखं झाड दिसायला लागलं. बर्फ या घरात कुणी जन्मात पाहिला नव्हता. म्हणूनच बहुधा तो इतका सुंदर झाला.

पहिलं गिऱ्हाईक एक खवट बाई होत्या. "गळणार नाही ना हे? माझा गालिचा नवा आहे." सासूबाईंनी झाड उचललं. फांदी तोंडासमोर हातभर अंतरावर धरली, छातीभरून श्वास घेतला, गाल टम्म फुगवले आणि अशी फुंकर मारली की काउंटरवरची दोऱ्याची रिळं गडगडत खाली गेली. बर्फाचा कण हलला नाही. बाईंनी झाड घेतलं, आणि चार बायकांना सांगितलं.

तेव्हापासून रिवाज पडला. फुंकर मारल्याशिवाय झाड दुकानाबाहेर जायचं नाही. भुसा पडला तर पुन्हा सरस, पुन्हा भुसा, पुन्हा फुंकर. पाटी रंगवून घेतली: 'फुंकरीनं न पडणारा बर्फ', आणि बाजूला सासूबाईंचं चित्र, गाल फुगवलेलं. पेंटरनं गाल जरा सढळ हातानं काढले. थोरली म्हणे, "गालगुंड झाल्यासारख्या दिसतायत." सासूबाई ते ऐकून हसायच्या, आणि हसता हसता खोकायच्या.

दुकान वाढत गेलं. टेबलाचा गाळा झाला, शेजारच्या शिंप्यानं जागा सोडली तेव्हा मधली भिंत पाडली, मग वरचा मजला घेतला. काचेचे गोळे आले, चांदण्या आल्या, घंटा आल्या, दिव्यांच्या माळा आल्या, मान डोलावणारं एक हरीण आलं. ते हरीण वर्षभर होकार देत दारात उभं असायचं. बाकी माल बाहेरचा, पण झाड आणि बर्फ मात्र घरचाच. मागच्या अंगाला बर्फाची खोली होती. तिला एक खिडकी होती, ती ब्रशवाल्यानं स्वतः खिळे ठोकून बंद केली होती आणि फटींना कागद डकवले होते. कारण जरा वारा आला की भुसा उडायचा, थर खालीवर व्हायचा. भुशाची मागणी आता इतकी वाढली होती की यंत्र ब्रशांसाठी चालतच नव्हतं, नुसतं भुशासाठी चालायचं.

धाकटी या घरात सून म्हणून आली तेव्हा पहिल्यांदा त्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि तिला वाटलं, आपण ढगात शिरतोय. भिंती पांढऱ्या, छत पांढरं, सासूबाईंच्या भुवया पांढऱ्या. दिव्याखाली हवेत बारीक काहीतरी सारखं चमकत होतं. ती ओढणी नाकाला लावायला गेली तशी सासूबाई म्हणाल्या, "तोंड बांधलंस तर फुंकर कशी मारणार गं?"

बरोबरच होतं. झाडामागून झाड यायचं. प्रत्येकाला फुंकर, आणि प्रत्येक फुंकरीआधी छाती भरून श्वास. तो श्वास तिथलाच.

हाताला वळण लागलं तसं सासूबाईंनी तिला शिकवलं: सरस कुठे पातळ, कुठे घट्ट, भुसा मनगटातून कसा सोडायचा, फवारणीचं पिस्तूल आल्यावर ते किती लांब धरायचं. धाकटीला काम आवडलं. खोटं कशाला बोला, खूप आवडलं. थोरलीला काउंटर होता, नवऱ्याला टेम्पो होता, मोठ्या दिराला, म्हणजे दादांना, सगळ्यांवर ओरडायचं काम होतं. धाकटीला ही खोली होती, आणि त्या खोलीतून बाहेर पडणारी प्रत्येक वस्तू देखणी होती.

सासूबाईंच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी केलेलं एकही झाड त्यांच्या फुंकरीला नापास झालं नाही. सगळं घर कौतुक करायचं. दादा गिऱ्हाइकांना सांगायचे, "आईच्या हाताला यश आहे. पहिल्या फटक्यात बर्फ बसतो." त्याच दिवसांत सासूबाई रोज संध्याकाळी शोकेसमधली मेणबत्ती विझवायच्या वेळी म्हाताऱ्याला हाक मारायला लागल्या. "अहो, तुम्हीच विझवा. मला वाकवत नाही." म्हातारा अंगठा आणि बोट ओलं करून वात चिमटीत पकडायचा. चर्र आवाज यायचा. त्याच्या बोटांना तिथे काळा घट्टा पडला होता.

डॉक्टरांनी विचारलं होतं, काय काम करता? "बर्फाचं," सासूबाई म्हणाल्या, अगदी ऐटीत. डॉक्टर घाईत होते. गारठ्यापासून जपा म्हणाले. मग घरच्यांनी त्या कोंदट, बंद खोलीत त्यांना लोकरीचा स्वेटर घालून बसवलं. गेल्या तेव्हा सगळे म्हणाले, छातीच नाजूक होती बिचारीची.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पाटीवरचं चित्र तेच राहिलं, फुंकर धाकटीकडे आली. धाकटीची मुलगी मोठी झाली. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण लहानपणापासून ती चालताना कुणाला दिसली नव्हती, फिरायचीच. दोन बोटं तोंडात घालून ती अशी शिटी मारायची की गल्लीच्या टोकाशी टेम्पो वळवणारा तिचा बाप ब्रेक दाबायचा. टेम्पो तिलाही येत होता. बापाशेजारी बसून ती चालवायला शिकली होती आणि परवाना आला की माल पोचवायचं काम आपलंच, असं तिनं जाहीर करून टाकलं होतं.

आणि याच हंगामात झाडं परत यायला लागली.

आधी एक आलं, मग मागोमाग आणखी. बर्फ गळतो. गालिच्यावर पडतो, मुलांच्या दुधात पडतो. एक बाई तर कागदाच्या पिशवीत पडलेला बर्फ भरून घेऊन आल्या आणि काउंटरवर ओतून म्हणाल्या, "हा तुमचा, परत घ्या."

दादांनी सरसवाल्याला फोनवर फैलावर घेतलं. सरस बदलला. तरी झाडं येतच राहिली. शेवटी एका दुपारी त्यांनी परत आलेलं एक झाड काउंटरवर आदळलं आणि धाकटीला बोलावलं.

"मार फुंकर."

धाकटीनं फांदी धरली, श्वास घेतला, फुंकर मारली. काही पडलं नाही.

"बघा!" दादा काउंटरवर हात आपटून म्हणाले. "आता काय म्हणायचं? लोकच खोटं बोलतात. वापरून झालं की परत आणतात."

"सगळ्या गावानं मिळून का खोटं बोलावं?" थोरली म्हणाली. "तुमच्याशी वैर आहे का कुणाचं? म्हणजे, असेलही म्हणा."

तेवढ्यात भिंगरी टेम्पोची किल्ली बोटाभोवती फिरवत आत आली. "काय चाललंय? बघू." तिनं फांदी ओढून घेतली आणि फूऽऽ केलं.

सगळा बर्फ दादांच्या मिशीवर जाऊन बसला. फांदी हिरवीगार, नागडी.

थोरली इतकी हसली की तिला स्टूल धरावं लागलं. भिंगरी हसली, हमाल हसले, दादांनीही मिशी झटकत हसून घेतलं. मग ते भिंगरीकडे बघत राहिले, नवा माल उघडल्यावर बघायचे तसे.

"आजीची फुंकर आहे ही," ते म्हणाले. "डिट्टो आजीची."

त्यांच्या मनात तेव्हा नवं दुकान होतं. मोठ्या चौकात, काचेच्या दर्शनी भिंतीचं, आणि या वेळी बर्फाची खोली मागे दडवायची नाही, बरोबर मध्यभागी ठेवायची. चारी बाजूंनी काच. आत झाडावर बर्फ पडतोय, गिऱ्हाईक बाहेरून बघतंय, आणि आत एक तरुण पोरगी गाल फुगवून फुंकर मारतेय. त्यांनी ते तिथल्या तिथे सगळ्यांना सांगून टाकलं. "आणि तू," ते धाकटीला म्हणाले, "तू पुष्कळ केलंस. आता काउंटरवर बसायचं, पंख्याखाली. मी शब्द देतो."

मायेनं म्हणाले. दादा वाईट माणूस नव्हते. धाकटीला तापातून उठल्यावर कुणी न सांगता फळं आणून देणारा तो माणूस. म्हणून तर सगळं अवघड होतं.

त्या संध्याकाळी धाकटी बर्फाच्या खोलीत एकटी उभी राहिली. तिनं एक कोरी फांदी घेतली. सरस लावला नाही. नुसता भुसा वरून भुरभुरवला, पोळपाटावर पीठ भुरभुरवावं तसा. तोंडासमोर हातभर अंतरावर धरली. श्वास घेतला, तो कुठेतरी गळ्याच्या खालीच अडला. फुंकर मारली.

एक कण हलला नाही.

तिनं पुन्हा मारली. तिला घाम फुटला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि सुट्टा, कोरडा, कशालाही न चिकटलेला भुसा फांदीवर जसाच्या तसा बसून राहिला.

धाकटी खाली बसली. तिला वाटलं होतं, वय झालं. जिना चढताना मधे थांबावं लागतं, ते गुडघ्यांमुळे. रात्री उशा लावून बसावं लागतं, ते पित्तामुळे. बाईला कारणं काय, हवी तेवढी सापडतात. पण आता तिच्यासमोर सासूबाईंच्या शेवटच्या वर्षांतली ती सगळी देखणी झाडं येऊन उभी राहिली, एकही नापास न झालेली. हाताला यश नव्हतं ते, फुंकरच संपली होती. घरातल्या कुणीही, तिनं स्वतःही, ते ओळखलं नव्हतं. उलट टाळ्या वाजवल्या होत्या.

नवऱ्याला तिनं टेम्पोत सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. "एवढा हंगाम जाऊ दे," तो म्हणाला. "मग दादाशी बोलतो."

"हंगाम गेल्यावर पोरगी त्या खोलीत शिरलेली असेल."

"लगेच काही होतं का एका हंगामात?"

मग ती स्वतः दादांकडे गेली. ते नव्या दुकानात काचा बसवून घेत होते.

"दादा, फुंकरीच्या जागी पंखा लावू. लहान पंखा, टेबलावरचा. त्याच्यापुढे झाड धरलं की कळतं. आणि पोरीला तिथे नको."

"पंखा? अगं, पाटीवर आईचा चेहरा आहे, पंख्याचा नाही. लोक काय बघायला येतील, पंखा?"

"तो भुसा छातीत बसतो, दादा. आईंच्याही बसला होता. माझ्याही बसलाय. माझी फुंकर राहिली नाही आता."

दादांनी हातातली टेप गुंडाळली. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघ. आईची छाती मुळात नाजूक होती, आणि तुझीही. तुम्ही दोघी बाहेरच्या घरातून आलेल्या. भिंगरीत आमचं रक्त आहे. मी, बाबा, आम्हाला कधी खोकला तरी झालाय?"

"तुम्ही त्या खोलीत कधी बसलात?"

पण तेवढ्यात काचवाल्यानं काहीतरी विचारलं, आणि दादा तिकडे वळले.

भिंगरीनं तर ऐकूनच घेतलं नाही. काचेची खोली, पांढरा नवा कोट, सगळ्यांच्या नजरा. टेम्पोचं नावही आता ती काढत नव्हती. "आई, तुझी जागा मला मिळतेय म्हणून जळतेस का गं?" ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिचा चेहरा उतरला, पण शब्द काही परत आला नाही. धाकटीला तिच्यावर ओरडायचं होतं. ओरडायला लागतो तेवढा वाराच आत नव्हता.

नवं दुकान उघडलं त्या सकाळी चौकात ही गर्दी. दारात तेच हरीण, होकार देत. आत गोळे, माळा, चांदण्या. छताला इतक्या घंटा की कुणी शिंकलं तरी किणकिणाट. काचेच्या खोलीत एक उंच झाड, शेजारी टेबलावर सासूबाईंचा फोटो आणि त्याच्यापुढे जाड मेणबत्ती. भिंगरी पांढरा कोट घालून उभी. म्हाताऱ्या ब्रशवाल्याला काचेच्या दारालगत खुर्चीत बसवलं होतं, उन्हात ठेवलेल्या जुन्या पेटीसारखं. पिस्तूल चाललं, भुसा उडाला, बाहेरची मुलं काचेला नाकं लावून "बर्फ! बर्फ!" ओरडली.

"आणि आता," दादा म्हणाले, "आमच्या घराची खूण. फुंकर!"

भिंगरीनं छाती भरून श्वास घेतला, गाल फुगवले.

"थांब," धाकटी काचेचं दार ढकलून आत आली. दार तिच्यामागे उघडंच राहिलं. "आजची पहिली माझी."

दादांच्या कपाळाला आठी पडली, पण एवढ्या लोकांपुढे बोलणार काय? ते हसले. लोकही हसले. धाकटीच्या हातात एक हिरवी फांदी होती. तिनं सगळ्यांना दिसेल अशी ती कोरडी फांदी भुशाच्या डब्यात बुडवून काढली. सरस नाही, काही नाही. तोंडासमोर धरली आणि फुंकर मारली.

कण हलला नाही. बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला.

तिनं फांदीला टिचकी मारली. सगळा भुसा भसकन खाली आला.

टाळ्या जरा अडखळल्या. कुणाला वाटलं, जादू आहे. धाकटीनं फोटोपुढची मेणबत्ती उचलली, काचेजवळ नेली, भिंगरीकडे बघितलं आणि ज्योतीवर फुंकर मारली. ज्योत वाकलीसुद्धा नाही. पुन्हा मारली. ज्योत सरळ उभी, जशी बंद कपाटातली.

"अहो काकू, जोरात!" बाहेरून कुणीतरी ओरडलं. मुलांना खेळच सापडला. ती सगळी गाल फुगवून काचेवर फूऽऽ फूऽऽ करायला लागली, काच वाफेनं धुरकटली. माणसं हसत होती. धाकटी फुंकत होती. तिचे ओठ निळसर पडत चालले होते.

तेव्हा म्हातारा उठला. कुणी धरायच्या आत तो खोलीत आला, अंगठा आणि बोट जिभेवर ओलं केलं आणि वात चिमटीत पकडली. चर्र आवाज झाला. बाहेरचं हसू थांबलं.

"तिचीही मीच विझवायचो," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण दारातून बाहेर ऐकू गेला. "मला वाटायचं, लाडात येते."

त्यानं फोटोकडे पाहिलं नाही. पाहवलं नसेल. भिंगरीचा कोट बाहीला धरून त्यानं ओढला, "चल पोरी, बाहेर. चल म्हणतो ना!" भिंगरी जागची हलेना, म्हणून त्यानं तिला अक्षरशः ढकलत दाराबाहेर काढलं. मघाशी घेतलेला श्वास तिनं अजून सोडलेलाच नव्हता. गाल फुगलेले, डोळे आईवर. बाहेर, लोकांच्या मधोमध, तिनं तो सोडला, आणि त्याबरोबर तिच्या तोंडून असा आवाज निघाला की टेम्पोपाशी उभा असलेला तिचा बाप धावत आला.

दादा काहीतरी म्हणत होते, गिऱ्हाइकांना की स्वतःला, कळत नव्हतं. "छाती नाजूक... आमच्या घरात..." मागे एक बाई आपल्या नवऱ्याला हळूच विचारत होती, झाडं आज मिळणार आहेत का.

आत धाकटी स्टुलावर बसली होती. तिला उठायचं होतं, पण आधी श्वास हवा होता, आणि हवेत मघाचा भुसा अजून संथपणे खाली येत होता, दिव्यात चमकत.

दार ढकलून थोरली आत आली. कमरेचा रुमाल तिनं काढला, झटकला, धाकटीच्या नाकातोंडावर घट्ट धरला, आणि दुसरा हात तिच्या काखेत घातला.

"ऊठ गं," ती म्हणाली. "बस झालं. ऊठ."